नवव्या गाण्यातली शांतता

१

शुक्रवारी दुपारी बारा वाजून सात मिनिटांनी माझ्या मुलीने आपला फोन भिंतीवर आपटला.

मी पोथी वाचत होते. अध्याय सुरू केला की मध्ये उठायचं नाही, असा माझा नेम. त्या दिवशी ओवी अर्धी टाकून उठले.

स्मृती तिच्या बाबांच्या खोलीच्या दारात उभी होती. सव्वीस वर्षांची, एका बाजूचे केस भादरलेले, हाताच्या मुठी आवळलेल्या.

"आई, हणमंतकाका गेले."

मी हात जोडले.

"तसे नव्हे गं! गाण्यातून गेले. नवव्या गाण्यात त्यांचा आवाजच नाही. कुणीतरी काढून टाकला!"

थोडं मागचं सांगते. आठ वर्षांपूर्वी यशवंतपूरच्या एका कारखान्यात, दुसऱ्या पाळीत, स्मृतीचे बाबा प्रेसच्या मशीनखाली सापडून गेले. नागोजीराव त्यांचं नाव. हात आत जाऊ नये म्हणून त्या मशीनला लोखंडी जाळी असते. ती जाळी नव्हती. मालकाने कागदावर लिहून दिलं, की घाईने काम उरकायला नागोजींनी ती स्वतःच काढली. 'कामगाराचा निष्काळजीपणा.' चौकशी तिथेच संपली. तेविसाव्या वर्षापासून एकाच मशीनवर उभा राहिलेला माणूस. पायपुसणं तिरकं दिसलं तरी वाकून सरळ करणारा. तो निष्काळजी!

स्मृतीने बँड काढला तो याच रागातून. नाव 'प्रेस शॉप', कारखान्यातल्या प्रेसच्या विभागावरून. पंक म्हणजे काय गं, असं आमच्या गल्लीतल्या बायका मला विचारतात. तीन सूर, दोन मिनिटं आणि पोटातला सगळा राग, असं मी सांगते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी देवघराचं दार लावून घेतलं होतं. तिसऱ्यांदा ऐकताना लक्षात आलं, की पोरगी जे ओरडते आहे ते मी आठ वर्षं गिळून बसले आहे.

त्यांचा पहिला अल्बम 'दुसरी पाळी'. नऊ गाणी. शुक्रवारी बारा वाजता तो सगळ्या जगासाठी खुला झाला. नववं गाणं 'जाळी'. त्यात गिटार थांबते, ड्रम थांबतात आणि चाळीस सेकंद एक म्हातारा माणूस बोलतो. ते हणमंतराव, बाजूच्या मशीनवरचे फिटर. सात वर्षं तोंड मिटून होते. मार्चमध्ये आपणहून आले, याच खोलीत माईकसमोर बसले आणि म्हणाले:

"जाळी नागोजीने काढली नाही. मालक येऊन म्हणाले, जाळीमुळे माल कमी निघतो, काढा. नागोजी नको म्हणत होता. मेंटेनन्सच्या पोराने पाना लावून काढली. त्या पोराला मी आजही ओळखीन."

तीन आठवड्यांनी हणमंतरावांना पक्षाघात झाला. वाचा गेली. त्यांची साक्ष जगात एकाच ठिकाणी उरली, त्या गाण्यात आणि गाणं ठेवलेल्या डिस्कवर. आता गाण्यात तो आवाज नव्हता आणि डिस्कवरची मूळ फाइलही पुसलेली होती.

स्मृतीने महिनाभर सगळीकडे जाहीर केलं होतं, 'नवव्या गाण्यात साक्षीदार बोलेल.'

आणि जगाने काय ऐकलं? चाळीस सेकंद, काहीच नाही.

डिस्क मंगळवारपासून देवव्रतकडे होती.

२

देवव्रत बँडमधला गिटारवाला. मूळ पुण्याचा, नोकरी इलेक्ट्रॉनिक सिटीत. शनिवारी सकाळी दोन बस बदलून आला, दारात चपला काढतो न काढतो तोच स्मृतीने त्याची गचांडी धरली.

"किती वेळ लागला रे? चाळीस सेकंद पुसायला किती वेळ लागला?"

"स्मृती, लिसन, मी फक्त अपलोड केलं. ऐकलंसुद्धा नाही परत. रविवारी आपण सगळ्यांनी इथे बसून ऐकलं होतं ना! काकू, तुम्ही पण होतात. तेव्हा आवाज होता."

होता. त्या रविवारी संध्याकाळी याच सतरंजीवर आम्ही सगळे होतो. ऐकून भव्या, त्यांची ड्रम वाजवणारी, रडली होती. मग डिस्क स्मृतीच्या बाबांच्या हत्यारांच्या खणात ठेवली. त्या खणाला कुलूप नाही. मंगळवारी सकाळी देवव्रत ती घेऊन गेला.

"एप्रिलमध्ये कोण म्हणत होतं, साक्ष काढून टाकू म्हणून?" स्मृती म्हणाली. "तुझ्या कंपनीला केसची भीती वाटते म्हणून?"

"म्हणालो होतो. मला मेल आला होता ऑफिसमधून. पण तू नाही म्हणालीस, विषय संपला." त्याने माझ्याकडे पाहिलं. "काकू, मी भित्रा असेन. चोर नाही."

"तुम्ही दोघं बसा आधी," मी म्हटलं. "चहा टाकते."

"आई, तू याला चहा देणार?"

"चहा देऊन काही मी सोडत नाही कुणाला."

चहा घेता घेता त्याने लोकांनी काय लिहिलंय ते वाचून दाखवलं.  एका मोठ्या संगीत-समीक्षकाने लिहिलं होतं, 'नवव्या गाण्यातली चाळीस सेकंदांची शांतता हा या वर्षातला सर्वांत धाडसी क्षण आहे. साक्षीदार बोलतो, तो न बोलून.' त्याखाली शेकडो वाहवा.

"धाडसी!" स्मृती ओरडली. "चोरीला टाळ्या वाजवतायत! माझ्या बापाची साक्ष कापली आणि हे म्हणतात वा, काय कला आहे!"

"आणखी एक आहे," देवव्रत हळूच म्हणाला. "कारखान्याच्या मालकाच्या पुतण्याने लिहिलंय. वाचू?"

"वाच."

"'आठ गाणी शिव्या दिल्या. नवव्यात साक्षीदार आणतो म्हणाले, आणि साक्षीदाराकडे बोलायला काही नव्हतं. म्हणजे खरं काय ते कळलं.'"

 भिंतीवर अजून स्मृतीच्या बाबांचे पाने ओळीने टांगलेले आहेत, लहान ते मोठे. मी त्यांच्याकडे बघत राहिले. मला राग आला की माझा आवाज आणखी खाली जातो. स्मृतीला ते ठाऊक आहे.

"देवव्रत," मी म्हटलं, "ती शांतता मला ऐकव."

"काकू, त्यात ऐकण्यासारखं काही नाहीये."

"असू दे."

त्याने आपले मोठे हेडफोन माझ्या कानांवर बसवले. मी डोळे मिटले. पंख्याची घरघर नाही. दूर रेल्वे यार्डात कुठेतरी डबे जोडल्याचा धपका. मग काहीच नाही. मग अगदी बारीक, सुईच्या टोकाएवढं...

टप.

मी डोळे उघडले. पुन्हा ऐकवायला सांगितलं. मग बोटांवर मोजलं. चाळीस सेकंदांत नऊ.

"नळ गळतोय कुठला तरी," देवव्रत म्हणाला. स्मृतीनेही ऐकलं. तिलाही थेंब ऐकू आले.

"या खोलीत नळ नाही," मी म्हटलं. "स्वयंपाकघर घराच्या दुसऱ्या टोकाला. देवव्रत, तुझा चहा गार होतोय. पी. तू हे केलेलं नाहीस."

३

देवघर आणि ती खोली यांच्यामध्ये एक भिंत आहे आणि भिंतीत वर वीतभर झरोका. स्मृतीचे बाबा गेल्यापासून दर सोमवारी मी महादेवाच्या पिंडीवर गळती लावते. तांब्याचं लहान भांडं, तळाशी भोक, भोकात दर्भाची काडी. पहाटे सहाला एकदा भरायचं, दिवेलागणीपर्यंत थेंब थेंब अभिषेक होत राहतो. फक्त सोमवारी.

बँडचं रेकॉर्डिंग शनिवार-रविवारी, सगळ्यांना नोकऱ्या आहेत म्हणून. तेव्हा मी घंटासुद्धा वाजवत नाही. म्हणजे ही शांतता रेकॉर्डिंगच्या दिवसातली नव्हे. कुणीतरी सोमवारी त्या खोलीत बसून ती घेतली.

"पण शांतता घ्यायची कशाला?" स्मृतीने विचारलं. "पुसलं की झालं."

ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

एरवी सोमवारी आमच्याकडे कुणी येत नाही. माझं दिवेलागणीपर्यंत मौन असतं, हे सगळ्यांना ठाऊक. पण डिस्क खणात होती त्या एका सोमवारी तिघं आले. स्मृती कामाला मारतहळ्ळीला गेली होती. दार उघडं होतं. मी देवघरात जप करत बसले होते आणि आलेल्याकडे मान हलवत होते.

दहाच्या सुमाराला संतोषकुमार, हणमंतरावांचा मुलगा. तो त्याच कारखान्यात सुपरवायझर आहे.

बाराला भव्या. तिच्या झांजा राहिल्या होत्या.

साडेचारला गिरीधर, अल्बमचं सगळं रेकॉर्डिंग करणारा. माईकच्या वायरी गुंडाळायला.

गिरीधरबद्दल सांगायलाच हवं. सहा वर्षांपूर्वी स्मृती एका कार्यक्रमात गायली, तेव्हा तो आपणहून ओळख काढून आला. पस्तिशीचा, शांत. तिला माईक धरायला शिकवलं, तिच्या बाबांच्या खोलीच्या भिंतींना गाद्या लावून ती रेकॉर्डिंगसाठी तयार केली. मला अक्का म्हणतो. भाऊबीजेला ओवाळते मी त्याला. शुक्रवारी संध्याकाळी बातमी कळताच तो धावत आला होता आणि स्मृतीपेक्षा जास्त संतापला होता.

"त्या पुण्याच्या पोरावर विश्वास ठेवू नकोस म्हणून मी बोललो होतो! डिस्क त्याच्याकडे होती ना?"

"नीट चौकशी केल्याशिवाय कुणाचं नाव नको घ्यायला," मी म्हटलं होतं.

"काय?" त्याने मान वळवून उजवा कान पुढे केला. "अक्का, स्वल्प मोठ्याने बोल गं. तुझं बोलणं म्हणजे देवालाच ऐकू येतं."

आम्ही हसलो होतो. मी हळू बोलते, हे खरंच आहे.

४

रविवारी मी आधी हणमंतरावांच्या घरी गेले. जाताना उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा नेल्या, त्यांना आवडतात. मग आठवलं, त्यांना आता चावता येत नाही.

संतोषकुमारने दार उघडलं आणि त्याचा चेहरा पडला.

"जमनाक्का, मी काही केलं नाही."

"मी काही विचारलं का?"

"सोमवारी मी आलो होतो, हो. हात जोडायला आलो होतो. मालकाला कळलं तर माझी नोकरी जाईल, बाबांचा आवाज काढा म्हणून सांगायला. तुम्ही मौनात. पाच मिनिटं त्या खोलीत उभा राहिलो. नागोजीकाकांचे पाने बघितले." तो खाली बघू लागला. "लाज वाटली. निघून गेलो."

"इतकी वर्षं नाही वाटली ती?"

 बोलू नये ते बोलले, पण परत घ्यावंसं वाटलं नाही.

हणमंतराव खाटेवर होते. मी जवळ बसून बोलू लागले तशी त्यांनी मोठ्या कष्टाने मान फिरवली, उजवा कान माझ्याकडे आणला. मला एकदम गलबलून आलं. स्मृतीचे बाबा अगदी असंच करायचे. प्रेस शॉपमध्ये वर्ष-दोन वर्षं काढली की बारीक आवाज आधी जातात, डावा कान जास्त. मशीन डावीकडे असतं. त्यांना माझी देवघरातली घंटी कधी ऐकू यायची नाही. कुकरची शिटीही मी हात लावून सांगायची.

"एक गोष्ट सांगू?" संतोषकुमार मला पोचवायला बाहेर आला. "त्या दिवशी रेकॉर्डिंग करून बाबा घरी आले ते अस्वस्थ होते. म्हणाले, त्या माईकवाल्याला कुठेतरी बघितलंय रे. रात्रभर तेच. मी म्हटलं, म्हातारपण. झोपा."

मी पायरीवर थबकले. मग खाली उतरले.

भव्या घरीच होती. ती एका जाहिरातींच्या स्टुडिओत आवाज कापायचं-जोडायचं काम करते. म्हणजे हे सगळं तिला येतं. आणि तिचं आणि स्मृतीचं याच साक्षीवरून कडाक्याचं भांडण झालं होतं.

"झालं होतं मावशी, नाही कशाला म्हणू?" ती म्हणाली. "मी म्हटलं, बँड गाण्यांसाठी ओळखला जाऊ दे, कोर्टासाठी नको. पण मी कापलं असतं तर तुमच्या पोरीच्या तोंडावर कापलं असतं. मी ड्रम वाजवते, चोरून काही करायची सवय नाही."

"एक सांग. आवाज पुसला तर तिथे शांतता वेगळी का भरायची?"

"कारण नुसतं पुसलं तर भोक पडतं. एकदम मेलेलं. फोन बंद पडला असं वाटतं ऐकणाऱ्याला. प्रत्येक खोलीची स्वतःची शांतता असते. तीच घेऊन भरली की कुणाला संशय येत नाही, मुद्दाम ठेवलंय असं वाटतं." तिने दोन बोटांनी कापल्यासारखं केलं. "चांगला रेकॉर्डिस्ट भोक ठेवूच शकत नाही. हात ऐकत नाहीत. गिरीधरअण्णानेच शिकवलंय मला."

"तुला त्या शांततेत काही ऐकू आलं?"

"थेंब? पहिल्यांदाच आला. मला वाटलं स्मृतीने मुद्दाम घातलाय, कसला कलात्मक प्रकार. काल भेटली तेव्हा कळलं. मी भरली असती तर थेंब पुसूनच भरली असती, मावशी. एवढा स्पष्ट येतोय तो."

बसमधून घरी येताना मी सगळं पुन्हा मनात लावलं. अजून एकाच गोष्टीची खातरी करायची होती. तिच्यासाठी सोमवार लागणार होता.

५

सोमवारी पहाटे सहाला भांडं भरलं, दर्भाची तीच काडी, तेवढंच पाणी. स्मृतीने सुट्टी घेतली होती. मौन असल्यामुळे मी तिच्या लहानपणीच्या पाटीवर लिहून दिलं, 'थेंब मोज. चाळीस सेकंद. दहा वाजता, बारा वाजता, साडेचार वाजता.'

भांडं भरलेलं असलं की थेंब लगबगीने पडतात. पाणी उतरत जातं तसे ते रेंगाळतात. मला हे आठ वर्षांच्या जपाने ठाऊक आहे. सकाळी एका थेंबाला एक नाम कसंबसं पुरं होतं. संध्याकाळकडे दोन थेंबांच्या मध्ये तीन-चार नामं होतात. पण माझं ठाऊक असणं पुरावा नव्हे. एकदा कुणाच्या तरी नुसत्या सांगण्यावर या घराने आठ वर्षं काढली होती. मला मोजायचं होतं.

दहा वाजता स्मृतीने मोजलं. सव्वीस. संतोषकुमारची वेळ.

बारा वाजता अठरा. भव्याची वेळ.

त्यानंतर साडेचार तास आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता बसून होतो. तिने दोनदा विचारलं, "आई, तो नसेल ना?" मी पाटी उचलली नाही. सहा भाऊबीजा मलाही आठवत होत्या.

साडेचार वाजता तिने घड्याळ लावलं. टप. मी माळ खाली ठेवली. टप. तिचे ओठ हलत होते. शेवटचा आकडा तिने मोठ्याने म्हटलाच नाही. पाटी घेतली आणि लिहिला.

नऊ.

मग तिने पाटी भिंतीवर मारायला उचलली. मी तिचा हात धरला. पाटी पुसली आणि लिहिलं, 'त्याला बोलाव. माईक लावून ठेव. रडू नकोस.'

६

गिरीधर पंधरा मिनिटांत आला. माझं मौन म्हणून माझ्याकडे बघून नुसते हात जोडले आणि स्मृतीकडे वळला. "काय गं? काही सापडलं?"

मी पाटीवर लिहून दिल्याप्रमाणे स्मृतीने हेडफोन त्याच्या कानांवर ठेवले आणि तीच चाळीस सेकंदं लावली. त्याने मान तिरकी केली. उजव्या कानावरचा हेडफोन हाताने दाबून धरला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याच्या सरावलेल्या, शांत तोंडावर एक रेषाही हलली नाही.

"काय ऐकू येतं?" स्मृतीने विचारलं.

"काही नाही. शांतता आहे."

"बास?"

"बास. साफ आहे एकदम."

दिवेलागणीला दीड तास होता. आठ वर्षांत एकही सोमवार मोडला नव्हता.

"गिरीधर," मी म्हटलं, "जाळी तू काढलीस."

तो दचकला तो माझ्या शब्दांनी की मी बोलले म्हणून, ते मला कळलं नाही.

"अक्का, तू... आज सोमवार आहे."

"तेव्हाही सोमवारच होता. साडेचारची वेळ. ज्याला तू साफ म्हणतोस त्यात माझी गळती पडते आहे, नऊ थेंब. देवव्रतला ऐकू येतात, भव्याला येतात, मला पन्नाशी उलटलेल्या बाईला येतात. तुला येत नाहीत. का येत नाहीत? मी हळू बोलते म्हणून सहा वर्षं तू कान पुढे करत होतास. मी खुळी, मला वाटायचं चूक माझी! असा कान मी दोनच माणसांचा बघितलाय. एक या खोलीचा धनी. दुसरे हणमंतराव. तू कधी सांगितलं नाहीस आम्हाला, की तू त्या कारखान्यात होतास."

"पुष्कळजण होते तिथे."

"म्हणून तर हणमंतराव रात्रभर आठवत बसले, माईकवाल्याला कुठे बघितलं म्हणून. तू त्यांच्यासमोर बसून रेकॉर्ड करत होतास, आणि ते म्हणत होते, त्या पोराला मी आजही ओळखीन. त्यांची वाचा गेली, तुला वाटलं सुटलो. पण गाणं बाहेर आलं असतं तर कुणीतरी विचारलंच असतं, मेंटेनन्सला कोण होतं तेव्हा."

तो खाली बसला. त्याच सतरंजीवर.

"मी सत्तावीस वर्षांचा होतो, अक्का. मालक समोर उभे होते. काढ म्हणाले. मी काढली. मला काय माहीत..."

"नागोजी नको म्हणत होते."

तो सतरंजीची दशी ओढू लागला.

"म्हणत होते की नव्हते?"

"म्हणत होते." त्याने हात तोंडावर घेतले. "माझा हात धरला होता त्यांनी. म्हणाले, पोरा, नको. मी तरी पाना फिरवला. तासाभरात... मी दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली. मग स्मृतीला गाताना बघितलं. वाटलं, हिला मोठं करू. फेडू काहीतरी."

"माझ्या बापाला मारून मला गायला शिकवलंस!" स्मृतीचा आवाज फाटला. "आणि आम्ही तुला जेवायला वाढत होतो! आठ वर्षं लोक माझ्या बापाला निष्काळजी म्हणतायत, आणि तू इथे बसून माझा आवाज बारीक आहे की जाड आहे सांगत होतास! वर त्या देवव्रतचं नाव घेतलंस, मी त्याची गचांडी धरली तुझ्यापायी!"

ती त्याच्या अंगावर धावली असती. मी मध्ये आले नाही. ती आपणहून थांबली.

"हणमंतरावांचा आवाज कुठे आहे?" मी विचारलं.

त्याने शर्टाच्या खिशातून एक छोटा पेनड्राइव्ह काढला. "पुसायला हात धजला नाही. गेला आठवडाभर खिशात घेऊन फिरतोय."

स्मृतीने तो हिसकावून घेतला.

"अक्का, मला माफ कर."

सहा वर्षं मी या माणसाच्या कपाळाला कुंकू लावलं. त्याच्या पानात आधी वाढलं, मग स्वतःच्या. मी आतून शोधून बघितलं, माफी कुठे आहे का. देवाशपथ शोधली. नव्हती.

"माफीचं तू त्याच्याशी बघ," मी झरोक्याकडे हात केला. "माझ्याकडे माईक आहे. लावून ठेवलाय. बस आणि सांग. नाव सांग, वर्ष सांग, मालक काय म्हणाले ते सांग, आणि ह्यांनी तुझा हात धरला होता ते सांग. हणमंतराव म्हणाले तो पोरगा मी, हे तुझ्या तोंडून जाऊ दे लोकांपर्यंत. ती सगळी चाळीस सेकंदं तू भरून दे. आणि हे झालं की स्मृतीबरोबर चौकीत जायचं, तिथेही हेच सांगायचं."

"मालक मला सोडणार नाहीत."

"मग कळेल तुला, नको म्हटलेलं कुणी ऐकत नाही तेव्हा कसं वाटतं ते."

त्याने हातांनी तोंड पुसलं. मग उठून माईकसमोरच्या लाकडी खुर्चीवर बसला. ती खुर्चीसुद्धा ह्यांनीच केलेली. सवयीने त्याने वायर तपासली, माईक दोन बोटं खाली घेतला. मग अडखळला.

"अक्का, ती गळती स्वल्प थांबवतेस? रेकॉर्डिंगमध्ये येईल."

"तुला येते ऐकू?"

त्याने मान हलवली. नाही.

"मग राहू दे. ज्यांना येते त्यांना येऊ दे."

स्मृतीने बटण दाबलं. लाल दिवा लागला.

"माझं नाव गिरीधर," तो म्हणाला. "मेंटेनन्सचा पोरगा मी."

भिंतीपलीकडे थेंब पडला.

मोडलेल्या मौनाचं प्रायश्चित्त काय असतं, ते मी गुरुजींना विचारलेलं नाही. विचारणारही नाही.